एक्केचाळीस मिस्ड कॉल

लाखांदूर रोडवरच्या आमच्या राइस मिलमध्ये
फोन पसंत करायला बसलो,
बैलजोडीच्या सौद्याला बसतात तसे.
दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबायची तेवढी बाकी.

नागपूरहून आलेला श्रेयस डहाके विचारतो,
"सध्याची सिस्टीम कोणती आहे तुमची?"
मालक माझ्याकडे पाहतात. मी मुनीम. मी खिडकीकडे.
लँडलाइन होती. रस्ता रुंद झाला तेव्हा
जेसीबीनं तिची शीर तोडली, मग कोणी शिवली नाही.
आता माझा बटनांचा डबडा आहे,
पाचाचा आकडा झिजून गेलेला,
आणि रेंज आहे ती भुशाच्या ढिगावर.

"दाखवतोच," म्हणाला. ढिगावर चढला,
पॉलिशचे बूट घोट्यापर्यंत आत.
खाली आम्ही: मालक, मालकाचा भाचा, मी,
बॉयलरवरचा मुखरू कोरे, चाळणीवरची फुलवंताबाई.
वरून स्पीकरवर एक बाई बोलू लागली, पाकात घोळलेली:
"आपले सहर्ष स्वागत आहे. कांडपासाठी एक दाबा.
तांदूळ खरेदीसाठी दोन. कणी-कोंड्यासाठी तीन."
मुखरूनं डोक्याचं फडकं सोडलं, वर पाहून म्हणाला,
"हाव जी बाई. पन तुमी कोन्या गावच्या?"
बाईनं पुन्हा स्वागत केलं.

मग चर्चा.
एकशे एक कोणाला, एकशे दोन कोणाला,
यावर चहा दोनदा झाला.
भाच्याला गाणं पाहिजे होतं, थांबलेल्या माणसाला ऐकवायला.
फुलवंता म्हणाली,
"थांबवता कायले गा? उचला ना फोन."
मी हिशोब मांडला. महिन्याचे साडेसातशे.
बाईचा आवाज वेगळा, दीड हजार.

बाई नाकारली. गाणं नाकारलं. दाबादाबी सगळी नाकारली.
एकच नंबर घेतला, चार जागी वाजणारा:
गल्ल्यावर, काट्यावर, बॉयलरपाशी, मालकाच्या खिशात,
आणि कोण वाजवून गेलं त्याची यादी ठेवणारा.
छतावर अँटेना आला. भुशाचा ढीग
पुन्हा नुसता भुशाचा ढीग झाला.
डहाके थोडा उतरला होता. पण सही घेतली.

पहिल्याच दिवशी, दिवेलागणीला, त्याचा फोन:
"मुनीमजी, एक्केचाळीस कॉल चुकले!
इथं सगळे लाल दिसताहेत.
एक्केचाळीस गिऱ्हाईकं गेली तुमची."

मी चष्मा पुसला. यादी लावली.
सहा चाळीस, एक घंटी: विरलीचा हिवराज लंजे.
ट्रॅक्टर निघाला त्याचा.
सात पाच, दोन घंट्या: रेवनाथ. धान ओला आहे, आज येत नाही.
नऊला तीन, थांबून एक: डायव्हर बशीर,
देवरीच्या नाक्यावर अडकला. पैसे मागत नाही,
कळवून ठेवतो.
दुपारी लागोपाठ अकरा, एकाच नंबरावरून:
सोनबा हातझाडे. त्याला ऐकू येत नाही,
म्हणून आपल्याला ऐकू आलं असेल याची त्याला खात्री नसते.
फुलवंताच्या नातीचा एक, शाळा सुटल्याचा.

"कोणी चुकलं नाही," मी म्हटलं. "सगळे बोलून गेले."
तिकडे बराच वेळ काहीच नाही. मग,
"असं पण असतं का?"
"दमडी न लागता," म्हटलं.

चाळिसांवर पेन्सिलीनं खुणा केल्या.
एक उरला. तीन सतरा, अनोळखी नंबर, अर्धी घंटी.
अर्धीचा आमच्यात काही अर्थ ठरलेला नाही.
डबड्यात असा नंबर खाली खाली सरकत
दुसऱ्या दिवशी पुसून जायचा.
लावून पाहिला.

मागं कोंबड्या. एक म्हातारा आवाज, दचकलेला:
"काई काम नाई जी. नवा नंबर घेतला मने मिलनं.
लागते का, पाहत होतो."
"लागते," म्हटलं.
"बरं, बरं."

मग तो बंद करायचं विसरला.
मी बराच वेळ कोंबड्या ऐकत बसलो.